औषध आणि हिंमत

गाडगेबाबांच्या दशसूत्रीत रोग्यांना औषधोपचार हे एक काम आहे आणि दुःखी, निराश माणसांना हिंमत देणे हे दुसरे. अक्षरओळख नसलेल्या या माणसाने ही दोन कामे वेगळी मोजली. कॅन्सरच्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांना याचा अर्थ लगेच कळेल.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूपायी लवकर गेले. डेबूजी मामाकडे गुरे राखत, शेतात राबत वाढले. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. दिवसा हातातल्या खराट्याने गाव झाडायचे, रात्री कीर्तनातून व्यसन, कर्ज आणि अंधश्रद्धेवर बोलायचे. १९२३ मध्ये मुलगा गोविंद गेल्याची बातमी कीर्तन चालू असतानाच आली. त्यांनी कीर्तन थांबवले नाही.

लोकांच्या पैशातून त्यांनी धर्मशाळा उभारल्या. स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही. १९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयातील रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. गावाहून आलेला रुग्ण खाटेवर असला, तरी त्याचा जीव बाहेर उपाशी बसलेल्या बायकोत अडकलेला असतो. तिची सोय झाली की त्यालाही झोप लागते. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जाताना वाटेतच बाबांचे निधन झाले.

पुढे १९६०च्या दशकात लंडनच्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी मांडले, की कॅन्सर रुग्णाच्या वेदनेत शरीराच्या दुखण्याबरोबर भीती, घरची काळजी आणि एकटेपणही असते. बाबांच्या कामात ही जाण आधीच होती.

आज गाडगे महाराजांच्या नावाची दादरची धर्मशाळा परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या बाहेरगावच्या रुग्णांना आसरा देते. प्रभादेवी स्थानकावर फायली घेऊन उतरणाऱ्यांपैकी अनेकांपुढे पहिला प्रश्न राहायचे कुठे हाच असतो. रेडिएशन साधारणपणे आठवड्यातून पाच दिवस, कित्येकदा पाच-सहा आठवडे चालते. मुक्कामाची सोय नसेल, तर उपचार अर्धवट सुटण्याची भीती असते.

निदानानंतर रुग्ण गप्प झाला, झोपेना, जेवेना, तर आजारात असे व्हायचेच म्हणून सोडून देऊ नये. परिचारिकेला, डॉक्टरांना सांगावे. मनाच्या त्रासावरही उपचार आहेत. आणि घरच्यांनी रोज थोडा वेळ नुसते जवळ बसावे, उपदेश न करता ऐकावे. हिंमत द्यायला पदवी लागत नाही.