विश्लेषण : अर्थखात्याची जागा हुकली, प्रबंधही नाकारला गेला... तरीही जॉन मेनार्ड केन्स अर्थखात्यात कसे पोहोचले?

कॅम्पस मुलाखतीच्या यादीत नाव नसणे, सीएचा ग्रुप राहणे, बँकेच्या परीक्षेत एक-दोन गुणांनी निवड हुकणे. अर्थक्षेत्रात शिरू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना हे अनुभव नवे नाहीत. विसाव्या शतकातील सर्वाधिक प्रभावी अर्थतज्ज्ञ मानले जाणारे जॉन मेनार्ड केन्स (१८८३-१९४६) यांनाही वयाच्या पंचविशीपर्यंत असे दोन नकार पचवावे लागले होते. त्यातून ते कसे सावरले, याचा हा आढावा.

सुरुवात कशी झाली?

केन्स यांचा जन्म ५ जून १८८३ रोजी इंग्लंडमधील केंब्रिजचा. वडील विद्यापीठात तर्कशास्त्र आणि अर्थशास्त्राचे अभ्यासक. ईटनसारख्या नामांकित शाळेत शिष्यवृत्ती, मग केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गणित. शाळेत बक्षिसांची रास लावणारा हा मुलगा १९०५ मध्ये गणिताच्या अंतिम परीक्षेत पहिल्या वर्गात आला, मात्र क्रमांक होता बारावा. त्यानंतर त्यांनी अल्फ्रेड मार्शल यांच्याकडे काही काळ अर्थशास्त्राचे धडे घेतले. त्यांनी याच विषयात पुढे शिकावे, असा मार्शल यांचा आग्रह होता. केन्स यांनी मात्र सरकारी सेवेच्या स्पर्धा परीक्षेची वाट धरली. अर्थशास्त्राची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही.

पहिला नकार कोणता?

ऑगस्ट १९०६ मध्ये झालेल्या या परीक्षेला १०४ उमेदवार होते. केन्स दुसरे आले. एरवी या निकालावर पेढे वाटले गेले असते. पण ब्रिटिश अर्थखात्यात त्या वर्षी एकच जागा होती आणि ती पहिल्या आलेल्या ओटो निमेयर यांनी घेतली. गंमत अशी, की केन्स यांचे गुण सर्वात कमी पडले ते गणित आणि अर्थशास्त्र या त्यांच्याच विषयांत. निकालाने ते चिडले, परीक्षकांच्या ज्ञानावरही त्यांनी शंका घेतली. अखेर पर्याय उरला तो लंडनमधील इंडिया ऑफिसचा, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या खात्याचा.

इंडिया ऑफिसमध्ये काय काम होते?

पहिलेच काम होते दहा तरुण एअरशायर बैल जहाजाने मुंबईला पाठवण्याची व्यवस्था करण्याचे! पुढे त्यांची बदली महसूल, सांख्यिकी आणि व्यापार विभागात झाली. कामाचा ताण बेताचाच होता. उरलेला वेळ ते संभाव्यतेच्या सिद्धांतावरील प्रबंधाला देत. त्या प्रबंधाच्या जोरावर किंग्ज कॉलेजची फेलोशिप मिळवून केंब्रिजला परतायचे, असा त्यांचा बेत होता. त्याच वेळी समोरच्या फायलींतून भारताचा रुपया, व्यापार आणि लंडनमधून होणारे पैशाचे व्यवहार त्यांना बारकाईने कळत गेले.

दुसरा नकार अधिक जिव्हारी का लागला?

मार्च १९०८ मध्ये फेलोशिपचा निकाल लागला. केन्स यांची निवड झाली नाही. प्रबंधाच्या परीक्षकांत गणितज्ञ आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड होते. त्यांच्या आक्षेपांवर केन्स संतापले. पण राग शमल्यावर त्यांनी प्रबंध पुन्हा हातात घेतला आणि दुरुस्त्या सुरू केल्या.

पंचविसाव्या वाढदिवशी, ५ जून १९०८ रोजी, त्यांनी इंडिया ऑफिस सोडले. हातात होती वर्षाला १०० पौंडांची व्याख्याता म्हणून नेमणूक. वडिलांनी आणखी १०० पौंड देऊ केले. ही बाजूही विसरता येत नाही. घरचा आधार नसता, तर पक्की नोकरी सोडणे इतके सोपे नव्हते. पुढच्या वर्षी, मार्च १९०९ मध्ये, सुधारलेल्या प्रबंधावर त्यांना फेलोशिप मिळाली. त्यावर आणखी बारा वर्षे काम होत राहिले आणि १९२१ मध्ये तो ग्रंथरूपाने आला.

नको असलेली नोकरी उपयोगी कशी पडली?

जेमतेम पावणेदोन वर्षांच्या त्या नोकरीतून केन्स यांच्या पहिल्या पुस्तकाचा विषय मिळाला. रुपया चांदीचा, पण त्याचा दर पौंडाशी १ शिलिंग ४ पेन्स असा बांधलेला. ही व्यवस्था चालते कशी, हे त्यांनी १९१३ मध्ये ‘इंडियन करन्सी अँड फायनान्स’ या पुस्तकात मांडले. ते स्वतः भारतात कधीच आले नाहीत. त्यांनी उचलून धरलेल्या या सुवर्ण विनिमय पद्धतीवर पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात कठोर टीका केली.

त्याच वर्षी, तिशी गाठण्याआधी, केन्स भारतीय वित्त व चलनविषयक शाही आयोगाचे सदस्य झाले. या आयोगाचे सचिव होते अर्थखात्यातील अधिकारी बेसिल ब्लॅकेट. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्धाच्या तोंडावर लंडनचा पैशाचा बाजार हादरला, तेव्हा ब्लॅकेट यांनी सल्ल्यासाठी केन्स यांना हाक दिली. मेहुण्याच्या मोटारसायकलला जोडलेल्या साइडकारमध्ये बसून ते लंडनला पोहोचले. जानेवारी १९१५ मध्ये त्यांची अर्थखात्यात रीतसर नेमणूक झाली. साडेआठ वर्षांपूर्वी बंद झालेले दार असे उघडले.

...आणि पहिला आलेला उमेदवार?

निमेयर अर्थखात्यात मोठ्या पदावर गेले. १९२५ मध्ये ब्रिटनने पौंड जुन्याच दराने पुन्हा सोन्याशी जोडला, त्या निर्णयाच्या बाजूने अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल यांना सल्ला देणाऱ्यांत ते होते. केन्स यांनी जाहीर विरोध केला. या दराने निर्यात महागेल आणि मजुरीवर घाला येईल, हा त्यांचा इशारा होता. १९३१ मध्ये ब्रिटनला ती व्यवस्था सोडावी लागली.

विद्यार्थ्यांनी यातून काय घ्यावे?

गुणवत्ता असली की यश मिळतेच, असा सोपा निष्कर्ष यातून निघत नाही. केन्स यांच्यामागे घर, कॉलेज आणि ओळखी होत्या. पण तीन गोष्टी कोणालाही लागू पडतात. एक, जागा एकच असेल तर दुसरा क्रमांकही बाहेर राहतो. तो अपात्रतेचा दाखला नव्हे. दोन, आक्षेप पटले नाहीत तरी काम दुरुस्त करून पुन्हा अर्ज करता येतो. तीन, मनासारखी नसलेली नोकरीही नीट पाहिली, तर तिच्यात पुढच्या कामाचे भांडवल सापडू शकते. केन्स यांना ते मुंबईला जाणाऱ्या बैलांच्या कागदपत्रांशेजारच्या फायलींत सापडले.