सोरेन किर्केगार्ड : नैराश्याचे निदान करणारा तत्त्वज्ञ

अस्तित्ववादाचे आद्य प्रवर्तक मानले जाणारे डॅनिश तत्त्वज्ञ सोरेन किर्केगार्ड यांनी नैराश्याला आत्म्याचा आजार म्हटले. हे निदान त्यांनी केवळ ग्रंथांच्या आधारे केले नव्हते. त्यामागे त्यांचे अवघे आयुष्य होते.

किर्केगार्ड यांचा जन्म ५ मे १८१३ रोजी कोपनहेगन येथे झाला. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. वडील मिकेल हे लोकरी मालाच्या व्यापारात संपन्न झालेले, धर्मनिष्ठ परंतु सदैव खिन्न असणारे गृहस्थ होते. लहानपणी जटलंडच्या माळरानावर मेंढ्या राखताना थंडी आणि भुकेने व्याकूळ होऊन त्यांनी देवाला शाप दिला होता. त्या पापाची शिक्षा म्हणून आपली मुले अल्पायुषी ठरतील, अशी त्यांची धारणा होती. १८३४ पर्यंत पाच अपत्ये मरण पावल्याने ही भीती घरात खोलवर रुजली. सोरेन यांनीही ती स्वीकारली होती. त्यामुळे १८४७ मध्ये वयाची ३४ वर्षे पूर्ण झाली, तेव्हा आपण जिवंत आहोत याचेच त्यांना आश्चर्य वाटले.

तत्पूर्वी १८४० मध्ये रेगिने ओल्सेन या तरुणीशी त्यांचा वाङ्‌निश्चय झाला होता. आपल्या खिन्नतेचे ओझे तिच्यावर लादणे त्यांना मान्य नव्हते. पुढच्याच वर्षी त्यांनी हा वाङ्‌निश्चय मोडला. रेगिनेची आठवण मात्र अखेरपर्यंत त्यांच्या लेखनात राहिली. १८४३ मध्ये ‘एक तर किंवा’ आणि ‘भय आणि कंप’ हे ग्रंथ त्यांनी टोपणनावांनी प्रसिद्ध केले. १८४६ मध्ये ‘कोर्सार’ या विनोदी साप्ताहिकाने त्यांची यथेच्छ टर उडवली आणि शहरातील रस्त्यांवर फिरणेही त्यांना असह्य झाले.

१८४९ मध्ये ‘मृत्यूप्रत नेणारा आजार’ हा ग्रंथ प्रकाशित झाला. योहानाच्या शुभवर्तमानातील लाजारसच्या कथेवरून त्याचे शीर्षक घेतले आहे. मृत्यूच्या छायेत वाढलेल्या या लेखकाने येथे शरीराच्या मृत्यूला अंतिम संकट मानण्यास नकार दिला. त्यांच्या मते मनुष्य हा सान्त आणि अनंत, काल आणि शाश्वत यांचा संयोग असतो. या संयोगाचे स्वतःशी जुळणारे नाते म्हणजे ‘स्व’. ते नाते बिघडले की नैराश्य येते. कुणाला आपण निराश आहोत याची जाणीवच नसते. प्रतिष्ठा, पैसा आणि संसार यांत रमलेला माणूस स्वतःला हरवून बसतो आणि कुणाच्या ते लक्षातही येत नाही. कुणी स्वतःपासून पळ काढतो, तर कुणी ईश्वराला झिडकारून हट्टाने स्वतःला घडवू पाहतो. निराश होण्याची क्षमता हे माणसाचे पशूंहून वेगळेपण आहे आणि श्रद्धा हाच त्यावरील उपाय आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्या शक्तीने आपल्याला निर्माण केले, तिच्या ठायी निःशंकपणे विसावणे हाच त्यांच्या लेखी श्रद्धेचा अर्थ.

या श्रद्धेची जागा सोयीस्कर रूढीने घेतली आहे, असा आरोप करत १८५४ च्या अखेरीस त्यांनी डेन्मार्कच्या राजमान्य चर्चविरुद्ध लेखणी उचलली. ‘क्षण’ या पत्रिकेचे नऊ अंक त्यांनी काढले. ऑक्टोबर १८५५ मध्ये ते रस्त्यात कोसळले. रुग्णालयात त्यांनी शासकीय वेतन घेणाऱ्या धर्मोपदेशकाच्या हातून प्रभुभोजन नाकारले. आपण शांतपणे प्रार्थना करू शकतो, असे मात्र त्यांनी बालमित्र एमिल बोसेन यांना सांगितले. ११ नोव्हेंबर १८५५ रोजी वयाच्या ४२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

हयातीत डेन्मार्कबाहेर फारसे परिचित नसलेले किर्केगार्ड विसाव्या शतकात कार्ल बार्थ, मार्टिन हायडेगर आणि जाँ-पॉल सार्त्र यांच्या चिंतनाचे प्रेरणास्थान ठरले. सार्त्र यांनी त्यातील ईश्वर वगळला, बार्थ यांनी तो केंद्रस्थानी ठेवला. माणसाने स्वतःला सामोरे जावे, हा किर्केगार्ड यांचा आग्रह मात्र दोघांनाही टाळता आला नाही.