ज्याला नशेचा अल्बम म्हटलं गेलं, त्यामागे जिमी हेंड्रिक्सचा १० वर्षांचा रियाज होता

१२ मे १९६७. लंडनच्या दुकानांमध्ये एक नवीन रेकॉर्ड आली. नाव होतं ‘आर यू एक्सपिरियन्स्ड’. बँडमध्ये माणसं तीनच, एक गिटार, एक बेस आणि एक ड्रम्स. पण रेकॉर्डवर सुई टेकवली की आवाज असा यायचा, जणू दहा जण एका खोलीत वाजवतायत आणि बाहेर वादळ सुटलंय.

ब्रिटनच्या यादीत हा अल्बम दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. पहिला नंबर हुकला, कारण तिथे बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ ठाण मांडून बसला होता.

त्या काळातल्या या संगीताला नाव पडलं सायकेडेलिक रॉक. एलएसडीसारख्या ड्रग्जमुळे माणसाला जे भास होतात, आवाज ताणले जातात, वेळ थांबल्यासारखी वाटते, तसा अनुभव गाण्यातून द्यायचा, अशी त्यामागची कल्पना. त्यामुळे असे अल्बम ऐकले की लोक एकच निष्कर्ष काढायचे. नशा केली आणि गिटार हातात घेतली, झालं.

हेंड्रिक्सबद्दल तर हे हमखास बोललं जातं. त्याने ड्रग्ज घेतले नव्हते असं नाही, घेतले होते. पण त्या वर्षी सायकेडेलिक म्हणून निघालेल्या कितीतरी रेकॉर्ड आज कुणाच्या लक्षातही नाहीत. हा अल्बम मात्र जवळपास ६० वर्षांनंतरही ऐकला जातो. नशा तर बऱ्याच जणांनी केली होती, मग हाच का टिकला?

त्याचं उत्तर हेंड्रिक्सच्या आधीच्या आयुष्यात सापडतं.

झाडूची गिटार

२७ नोव्हेंबर १९४२ ला अमेरिकेतल्या सिएटलमध्ये त्याचा जन्म झाला. आई ल्युसिल तेव्हा १७ वर्षांची होती आणि वडील अल सैन्यात होते. जन्माच्या वेळी त्याचं नाव जॉनी अ‍ॅलन ठेवलं होतं. वडील युद्धावरून परत आले आणि त्यांनी ते बदलून जेम्स मार्शल केलं.

घरात पैसा नव्हता, दारू होती आणि भांडणं होती. आईवडील वेगळे झाले. काही भावंडं दुसऱ्यांच्या घरी वाढली. १९५८ मध्ये आई वारली, तेव्हा जिमी १५ वर्षांचा होता.

गिटार परवडणारी नव्हती, म्हणून हा मुलगा झाडू हातात धरून गिटार वाजवल्याची नक्कल करायचा. वडिलांबरोबर एका घरातलं भंगार काढायला गेला असताना त्याला एक जुनं युकुलेले सापडलं. त्याला तारही एकच उरली होती. त्या एका तारेवर तो रेडिओवरच्या गाण्यांचे सूर शोधत बसायचा.

पुढे ५ डॉलरमध्ये त्याला एक जुनी साधी गिटार मिळाली आणि १९५९ मध्ये वडिलांनी इलेक्ट्रिक गिटार घेऊन दिली. जिमी डावखुरा होता. बाजारात मिळायच्या त्या उजव्या हाताच्या गिटार. त्याने गिटार उलटी धरली, तारा काढून उलट क्रमाने लावल्या आणि वाजवायला लागला. शेवटपर्यंत तो बहुतेक वेळा असाच वाजवत राहिला.

दुसऱ्यांच्या मागे उभं राहून

१९६१ मध्ये चोरीच्या गाड्यांमध्ये फिरताना पोलिसांनी त्याला दोनदा पकडलं. तुरुंग की सैन्य, असा पर्याय समोर आला आणि तो सैन्यात गेला. विमानातून पॅराशूटने उड्या मारणाऱ्या १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनमध्ये त्याची भरती झाली. तिथेही त्याचं लक्ष गिटारमध्येच होतं. त्याचं वाजवणं ऐकून बिली कॉक्स नावाचा एक सैनिक त्याला येऊन भेटला. या कॉक्सनेच पुढे अनेक वर्षांनी त्याच्यासोबत बेस वाजवला.

वर्षभरात जिमी सैन्यातून बाहेर पडला. आता पोट भरायचं तर गिटारवरच.

अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा वर्णभेद होता. कृष्णवर्णीय कलाकारांसाठी वेगळे क्लब आणि वेगळी थिएटरं होती. या जागांच्या साखळीला चिटलिन सर्किट म्हणायचे. हेंड्रिक्स तिथे आधी छोट्या बँडमध्ये आणि मग आयझली ब्रदर्स, लिटल रिचर्ड अशा मोठ्या नावांच्या मागे उभा राहून वाजवायचा. सगळ्यांसारखे कपडे घालायचे, ठरलेल्या जागी उभं राहायचं, गायकाच्या पुढे पुढे करायचं नाही, असे तिथले नियम. लिटल रिचर्डबरोबर तर कपड्यांवरून आणि वेळेवरून त्याचे खटके उडायचे.

पण हीच त्याची शाळा होती. रोज वेगळं गाव, वेगळे प्रेक्षक. ब्लूज, सोल, रिदम अँड ब्लूज, जे समोर येईल ते वाजवायचं. दातांनी गिटार वाजवणं, पाठीमागे धरून वाजवणं, या ज्या करामती पाहून पुढे लंडनचे लोक वेडे झाले, त्या याच सर्किटमधल्या जुन्या वादकांच्या होत्या.

१९६५ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला असताना त्याने एक चूक केली. एड चाल्पिन या निर्मात्याच्या करारावर सही केली. तीन वर्षांचा करार, हातात १ डॉलर आणि विक्रीवर १ टक्का रॉयल्टी. त्या दिवशी ही किरकोळ गोष्ट वाटली असेल, पण तो कागद पुढे महागात पडला.

लंडनचं तिकीट

१९६६ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या ‘कॅफे व्हा?’मध्ये ‘द अ‍ॅनिमल्स’ बँडचा बेसिस्ट चॅस चँडलरने त्याला ऐकलं. चँडलरला वाजवणं सोडून निर्माता व्हायचं होतं. त्याने हेंड्रिक्सला थेट लंडनला न्यायचं ठरवलं.

२४ सप्टेंबर १९६६ ला हेंड्रिक्स लंडनमध्ये उतरला. आठवडाभरात, १ ऑक्टोबरला, तो एरिक क्लॅप्टनच्या ‘क्रीम’ या बँडबरोबर स्टेजवर चढला. क्लॅप्टन तेव्हा ब्रिटनमधला सर्वात मोठा गिटारवादक मानला जायचा. हेंड्रिक्सने हाऊलिन वुल्फचं ‘किलिंग फ्लोअर’ अशा वेगात वाजवलं की क्लॅप्टन हादरून गेला.

दरम्यान बँड उभा राहिला. नोएल रेडिंग हा खरं तर गिटारवादक होता, पण जागा बेसची होती म्हणून त्याने बेस धरला. ड्रम्सवर मिच मिचेल आला, ज्याचा हात जॅझवर बसलेला होता. बँडचं नाव ठरलं ‘द जिमी हेंड्रिक्स एक्सपिरियन्स’.

आवाज बनवला कसा?

अल्बमचं काम ऑक्टोबर १९६६ ते एप्रिल १९६७ या काळात झालं, तेही सलग नाही. कार्यक्रमांच्या मधे वेळ मिळाला आणि स्टुडिओचे पैसे जमले की रेकॉर्डिंग व्हायचं. पैशांसाठी चँडलरने स्वतःच्या बेस गिटार विकल्या होत्या. त्यामुळे स्टुडिओत टाइमपास करायची चैन नव्हती.

तंत्रही तोकडं होतं. टेपवर चारच ट्रॅक असायचे. ते भरले की त्यांना एकत्र करून दुसऱ्या टेपवर घ्यायचं आणि नवीन आवाजासाठी जागा करायची. तरुण इंजिनिअर एडी क्रेमरने ऑलिम्पिक स्टुडिओत हे काम सांभाळलं.

या चार ट्रॅकमध्ये हेंड्रिक्सने तीन मोठ्या गोष्टी केल्या.

पहिली गोष्ट फीडबॅक. लग्नाच्या हॉलमध्ये कुणी माईक घेऊन स्पीकरसमोर गेलं की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. स्पीकरचा आवाज माईकमध्ये आणि माईकचा पुन्हा स्पीकरमध्ये, असं चक्र सुरू होतं. इलेक्ट्रिक गिटारचंही तसंच होतं. इतर काही वादकांनी हा आवाज आधी वापरला होता. हेंड्रिक्सने मात्र स्पीकरपासून किती लांब उभं राहायचं, कुठल्या कोनात वळायचं, कुठली तार दाबायची, याचा हिशोब पक्का केला आणि त्या शिट्टीला सुरात आणलं. ‘फॉक्सी लेडी’ची सुरुवात ऐकली की हे कळतं.

दुसरी गोष्ट यंत्रं. रॉजर मेयर नावाचा तंत्रज्ञ ब्रिटिश नौदलाच्या संशोधन विभागात आवाज आणि कंपनांवर काम करायचा. त्याने एक छोटं उपकरण बनवलं होतं, जे वाजवलेल्या सुरावर वरच्या सप्तकातला तोच सूर चढवायचं. ‘पर्पल हेझ’ या गाण्यात हेंड्रिक्सने ते वापरलं.

तिसरी गोष्ट टेप. अल्बमच्या नावाच्या गाण्यात गिटार आणि ड्रम्स उलटे ऐकू येतात, म्हणजे वाजवलेला भाग टेप उलटी फिरवून घातलेला आहे. असं करताना, उलटं झाल्यावर कुठला सूर कुठे पडेल याचा अंदाज आधीच बांधावा लागतो. ‘थर्ड स्टोन फ्रॉम द सन’मध्ये बोलण्याचे आवाज टेपचा वेग बदलून परग्रहवासीयांसारखे केले आहेत. हेंड्रिक्सला विज्ञानकथांचं वेड होतं, ते इथे दिसतं.

नशेच्या तारेत ही कामं होत नाहीत. त्यासाठी हात, कान आणि डोकं तिन्ही जागेवर लागतं.

आणि या सगळ्या आवाजांच्या खाली काय आहे? ब्लूज. ब्रिटनच्या आवृत्तीतलं ‘रेड हाऊस’ तर सरळसोट ब्लूज आहे, चिटलिन सर्किटमध्ये वाजलं असतं तसंच. ‘मॅनिक डिप्रेशन’ तीन-तीनच्या मोजणीवर चालतं आणि मिचेलचे जॅझचे हात त्याला सतत गरगर फिरवत ठेवतात. वरची सजावट काढली तरी खाली गाणं उरतं. ज्या अल्बममध्ये नुसती सजावट होती ते फॅशनबरोबर गेले. हा राहिला.

‘पर्पल हेझ’ हे ड्रग्जचं गाणं आहे, असं आजही सर्रास मानलं जातं. हेंड्रिक्सने मात्र त्याचा संबंध समुद्राखाली चालत असल्याच्या एका स्वप्नाशी जोडला होता.

आग आणि पंडित रविशंकर

लंडन जिंकलं तरी स्वतःचा देश त्याला ओळखत नव्हता. १८ जून १९६७ ला कॅलिफोर्नियातल्या माँटेरे पॉप फेस्टिव्हलमध्ये ती संधी आली. त्याचं नाव पॉल मॅकार्टनीने सुचवलं होतं. कार्यक्रमाच्या शेवटी हेंड्रिक्सने गिटारवर लायटरमधलं इंधन ओतलं आणि ती पेटवून दिली. तो फोटो जगभर गेला.

त्याच दिवशी दुपारी त्याच स्टेजवर पंडित रविशंकर यांचं सतारवादन झालं होतं. वाद्याला पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या परंपरेतून आलेल्या पंडितजींना वाद्य जाळण्याचा प्रकार अजिबात रुचला नाही आणि त्यांनी ही नाराजी पुढेही बोलून दाखवली.

हेंड्रिक्सचं पुढे जे झालं, त्याची सुरुवात याच आगीत आहे. लोकांना गिटार वाजवणारा माणूस लक्षात राहण्याआधी गिटार जाळणारा माणूस लक्षात राहिला. प्रत्येक शहरात प्रेक्षकांना तोच तमाशा हवा होता आणि त्याला वाजवायचं होतं.

ऑगस्ट १९६७ मध्ये हा अल्बम अमेरिकेत आला. काही गाणी काढून त्याजागी ब्रिटनमध्ये सुट्या रेकॉर्ड म्हणून गाजलेली ‘हे जो’, ‘पर्पल हेझ’ आणि ‘द विंड क्राईज मेरी’ घातली होती. ‘रेड हाऊस’ त्यात गळालं. अमेरिकेच्या यादीत अल्बम पाचव्या क्रमांकापर्यंत गेला.

१ डॉलरची किंमत

हेंड्रिक्स गाजला आणि चाल्पिन तो जुना करार घेऊन कोर्टात उभा राहिला. तडजोड म्हणून हेंड्रिक्सला एक अख्खा अल्बम त्या व्यवहारात द्यावा लागला. १९७० मध्ये आलेला ‘बँड ऑफ जिप्सीज’ तो हाच.

सततचे दौरे, मॅनेजरशी मतभेद, कोर्टकचेऱ्या यांत तो अडकत गेला. मे १९६९ मध्ये टोरोंटो विमानतळावर त्याच्या सामानात हेरॉइन सापडलं. खटला उभा राहिला आणि डिसेंबरमध्ये तो निर्दोष सुटला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वुडस्टॉकला त्याने गिटारवर अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं. व्हिएतनाम युद्धाच्या दिवसांत गिटारमधून निघालेले ते बॉम्बसारखे आवाज फीडबॅकवर मिळवलेल्या ताब्यातूनच आले होते.

तासाच्या हिशोबाने स्टुडिओचं भाडं भरण्यापेक्षा स्वतःचाच स्टुडिओ असावा, म्हणून त्याने न्यूयॉर्कमध्ये ‘इलेक्ट्रिक लेडी’ उभारला. २६ ऑगस्ट १९७० ला त्याचं उद्घाटन झालं. त्यानंतर तो युरोपच्या दौऱ्यावर निघाला आणि परत आलाच नाही.

१८ सप्टेंबर १९७० ला लंडनमध्ये त्याचा मृत्यू झाला. झोपेच्या गोळ्यांच्या गुंगीत उलटी होऊन तो गुदमरला. वय होतं २७.

त्याने मृत्युपत्र केलं नव्हतं. वारसा वडिलांकडे आला, पण गाण्यांचे हक्क दुसऱ्यांच्याच हातात राहिले. वडील अल हेंड्रिक्स कोर्टात गेले आणि १९९५ मध्ये, मुलाच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी, ते हक्क कुटुंबाला परत मिळाले.

पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने देशाचा ठेवा म्हणून जपायच्या ध्वनिमुद्रणांच्या २००५ च्या यादीत ‘आर यू एक्सपिरियन्स्ड’चा समावेश केला. लंडनच्या ब्रुक स्ट्रीटवर तो राहायचा ते घर आज संग्रहालय आहे आणि त्याला लागून असलेलं घर थोर संगीतकार हँडेलचं आहे.

आज ते उलटे सूर आणि तो फीडबॅक मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये एका बटणावर मिळतो. पण ‘फॉक्सी लेडी’ वाजवायला बसलं की लक्षात येतं, बटण दाबून आवाज मिळतो, पुढचं काम हातांनाच करावं लागतं. सिएटलच्या त्या मुलाचे हात एका तारेच्या युकुलेलेपासून ते काम करत आले होते.