रक्ताची वाट सांगणारा हकीम

मगरिबची अजान होते आणि रोजेदार खजूर तोंडात घालतो. थोड्याच वेळात त्यातली साखर आतड्यातून रक्तात उतरते, सर्वांगात पोचते आणि गळून गेलेल्या शरीराला तरतरी येते. तळ्यातल्या एकपेशीय अमिबाला अशा वाहतुकीची गरज नसते. अन्न आणि प्राणवायू त्याला भोवतालच्या पाण्यातूनच मिळतात. माणसाच्या शरीरात मात्र पेशींचे थरावर थर आहेत. नुसत्या झिरपण्याने प्राणवायू मिलिमीटरभर आतही पुरेसा पोचत नाही. म्हणून रक्ताचे वाहते रस्ते लागतात. या रस्त्यांतला हृदय ते फुप्फुस हा टप्पा 13व्या शतकात एका हकीमाने उलगडून सांगितला. त्यांचे नाव इब्न अल-नफीस.

त्यांचा जन्म 1213च्या सुमारास दमास्कसजवळ झाला. तिथल्या नूरी रुग्णालयात ते वैद्यक शिकले आणि पुढे कैरोला गेले. तिथे ते रुग्ण तपासत आणि मदरशात शाफई परंपरेचा इस्लामी कायदाही शिकवत.

त्या काळी दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलेन यांचा शब्द प्रमाण होता. हृदयाच्या मधल्या पडद्याला न दिसणारी छिद्रे असून त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे जाते, असे गॅलेन सांगत. थोर हकीम इब्न सीना यांच्या ग्रंथामुळे ग्रीक वैद्यकाची ही परंपरा सर्वत्र शिकवली जात होती. 1242 मध्ये, वयाच्या तिशीच्या आत, इब्न अल-नफीस यांनी त्याच ग्रंथातील शरीररचनेच्या भागावर भाष्य लिहिले. पडदा जाड आहे, त्याला दिसणारी किंवा न दिसणारी कसलीच छिद्रे नाहीत, असे त्यांनी ठामपणे मांडले. मग रक्त जाते कुठून? उजव्या कप्प्यातून फुप्फुसात, तिथे हवेशी मिसळून डाव्या कप्प्यात. फुप्फुसातल्या दोन्ही रक्तवाहिन्यांमध्ये सूक्ष्म वाटा असल्या पाहिजेत, हेही त्यांनी ताडले. अशा केशवाहिन्या सूक्ष्मदर्शकातून माल्पिगी यांना दिसल्या त्या 1661 मध्ये. ज्यांच्या ग्रंथावर भाष्य करायचे त्यांच्याबद्दल आदर बाळगूनही चूक ती चूक म्हणायला हा तरुण कचरला नाही.

त्यांच्या लिखाणाच्या झपाट्याच्या गोष्टी चरित्रकारांनी नोंदवल्या आहेत. एकदा हमामखान्यात अंघोळ अर्धवट टाकून ते बाहेर आले, कागद-लेखणी मागवली, नाडीवरचा प्रबंध लिहून काढला आणि मगच अंघोळ पुरी केली म्हणतात. शेवटच्या आजारपणात मित्रांनी औषध म्हणून मद्य घेण्याचा आग्रह केला. पोटात मद्य घेऊन अल्लाहसमोर जायचे नाही म्हणून त्यांनी ते नाकारले, असेही सांगतात. 1288 मध्ये त्यांचे निधन झाले. आपले घर आणि ग्रंथसंग्रह त्यांनी कैरोच्या मन्सूरी रुग्णालयाला देऊन टाकला होता.

त्यांचे वैद्यकाचे संक्षिप्त पुस्तक ‘मूजज’ भारतातल्या युनानी हकीमांपर्यंत पोचले, पण रक्ताच्या वाटेचा शोध मात्र विस्मरणात गेला. 1628 मध्ये इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी संपूर्ण रक्ताभिसरण सिद्ध केले आणि जगाला त्यांचेच नाव ठाऊक झाले. 1924 मध्ये जर्मनीत शिकणाऱ्या अल-ततावी या इजिप्शियन डॉक्टरांनी बर्लिनमधील हस्तलिखित अभ्यासले, तेव्हा या हकीमाचा हक्क जगासमोर आला.

इफ्तारच्या खजुरातली साखर आजही यकृतातून हृदयाच्या उजव्या बाजूला, तिथून फुप्फुसात आणि मग डाव्या बाजूने सर्वांगात जाते. रोजा कुणी ठेवो वा न ठेवो, प्रत्येक घासाची वाट हीच.