श्रीएकनाथमहाराज आणि घराचे ऋण

पैठणक्षेत्री भानुदासांच्या कुळात श्रीएकनाथमहाराज जन्मले. पिता सूर्यनारायण व माता रुक्मिणी त्यांच्या शैशवातच निवर्तली. ज्या वयात मुलाने आधार द्यावा, त्या वयात आजोबा चक्रपाणी व आजी यांच्यावर तान्ह्या नातवाच्या संगोपनाचा भार आला. त्यांनी मुंज केली, अध्ययन करविले.

गुरुभेटीच्या तळमळीने बाल एकनाथ कोणास न सांगता देवगिरीस जनार्दनस्वामींकडे गेले. मागे उभय वृद्धांनी नातवाच्या शोधात दिवस कंठले. तीर्थयात्रेनंतर पैठणीच राहून गृहस्थाश्रम स्वीकारावा, असे आज्ञापत्र स्वामींनी चक्रपाणींच्या हाती दिले होते, अशी परंपरा आहे. यात्रेहून परतल्यावर ते पत्र वाचताच एकनाथ तेथेच स्थिरावले. गिरिजाबाईंशी विवाह झाला. वृद्धांची सेवाही घडली. गुरूंची आज्ञा व आजोबांची आस एकच ठरली.

पुत्र हरिपंडित संस्कृताभिमानी होते. पित्याचे प्राकृत पुराण व परान्नग्रहण न रुचल्याने ते काशीस गेले. शके १४९५ (इ. स. १५७३) मध्ये ज्यांचे प्राकृत भागवत काशीतच पूर्ण झाले, त्या नाथांनी पुत्राच्या अटी मान्य केल्या व त्यास घरी आणले. पुढे पुत्राचा अभिमान गळाला, असे चरित्रकार सांगतात.

कन्येचे पुत्र मुक्तेश्वर महाभारत मराठीत आणणारे थोर कवी झाले. शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी देह ठेवला. वृद्ध चक्रपाणींनी पोरका नातू सांभाळला, म्हणूनच भानुदासांचे हे कुळ पुढे फुलले.