शंतनुराव किर्लोस्कर

शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर (२८ मे, १९०३:सोलापूर - २४ एप्रिल, १९९४:पुणे) हे मराठी यंत्र अभियंता व उद्योजक होते. किर्लोस्करवाडीचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर हे त्यांचे वडील. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९२६ मध्ये पदवी घेऊन ते वडिलांच्या उद्योगात आले.

लक्ष्मणरावांचा लोखंडी नांगर सर्वपरिचित आहे. शंतनुरावांच्या इंजिनाकडे त्या मानाने कमी लक्ष जाते. १९४६ मध्ये त्यांनी पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना केली. त्या काळी बहुतेक खेड्यांत वीज नव्हती आणि विहिरीला पाणी असूनही मोटेचा उपसा तोकडा पडे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधील हवा दाबली जाऊन तापते व तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. उपशाच्या पाण्यातलीच एक बारीक धार सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून फिरवली की इंजिन थंड राही; वंगणाचे तेल तळाच्या टाकीतून बेअरिंगांपर्यंत पोहोचे. मात्र डिझेल नीट गाळले नाही तर फवाऱ्याची सूक्ष्म छिद्रे तुंबत आणि तेलाकडे दुर्लक्ष झाल्यास भाग झिजत. ऐन हंगामात इंजिन बंद पडणे म्हणजे उभे पीक धोक्यात येणे. म्हणून सुटे भाग व दुरुस्ती जवळपास मिळणे यंत्राइतकेच महत्त्वाचे होते.

मोठ्या इंजिनांसाठी १९६२ मध्ये अमेरिकी कमिन्स कंपनीच्या भागीदारीत पुण्यात किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी निघाली. १९६५ मध्ये शंतनुरावांना पद्मभूषण मिळाले. कॅक्टस अँड रोझेस हे त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र आहे. जन्मशताब्दी वर्षात, २००३ मध्ये, भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.