मेसचं बिल, महागाई आणि जेपी

तुमच्या हॉस्टेलच्या मेसचं बिल एकदम २० टक्क्यांनी वाढलं तर तुम्ही काय कराल? ग्रुपवर मीम टाकाल, फार तर रेक्टरला निवेदन द्याल. डिसेंबर १९७३मध्ये अहमदाबादच्या एल. डी. इंजिनीअरिंग कॉलेजच्या पोरांनी याच कारणावरून आंदोलन पेटवलं. दोन महिन्यांत गुजरातचे मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला. आणि सत्तरी ओलांडलेला एक माणूस पुन्हा राजकारणात उतरला. जयप्रकाश नारायण, म्हणजेच जेपी.

जेपींचा जन्म १९०२चा, गाव सिताबदियारा. विशीत ते शिकायला अमेरिकेला गेले. फीसाठी द्राक्षांच्या बागेत राबले, हॉटेलात भांडी घासली. परतल्यावर स्वातंत्र्यलढ्यात पडले. काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना त्यांना आणि अच्युत पटवर्धन, मिनू मसानी या सोबत्यांना सुचली ती आपल्या नाशिकच्या तुरुंगात. १९४२मध्ये ते हजारीबाग तुरुंगाची भिंत ओलांडून निसटले. स्वातंत्र्यानंतर मात्र सत्तेपासून लांब राहिले आणि १९५४मध्ये त्यांनी भूदानाला आयुष्य वाहिलं.

मग १९७४मध्ये असं काय घडलं? अर्थशास्त्रात त्याला स्टॅगफ्लेशन म्हणतात. म्हणजे भाव वाढत राहतात, पण कामधंदा ठप्प. यातली गोची लक्षात घ्या. भाव रोखायला सरकारने हात आखडला की नोकऱ्या जातात. नोकऱ्यांसाठी पैसा ओतला की भाव भडकतात. १९७२चा दुष्काळ आणि १९७३च्या अखेरीस जवळपास चौपट झालेलं कच्चं तेल, यामुळे १९७४-७५मध्ये घाऊक महागाई २५ टक्क्यांवर गेली आणि विकासदर जेमतेम एक टक्क्यावर आला. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत बायका लाटणी घेऊन आधीच रस्त्यावर उतरल्या होत्या. मे १९७४मध्ये रेल्वे कामगारांनी संप केला, तो सरकारने चिरडला. जुलैमध्ये वटहुकूम काढून पगारवाढ आणि महागाई भत्त्यातली निम्मी वाढ सक्तीची ठेव म्हणून अडकवली.

बिहारच्या विद्यार्थ्यांनी जेपींना नेतृत्व करायला बोलावलं. ५ जून १९७४ला पाटण्याच्या गांधी मैदानावर त्यांनी संपूर्ण क्रांतीची हाक दिली. वर्षभरात आणीबाणी लागली, जेपी तुरुंगात गेले. सुटले तेव्हा किडन्या निकामी झाल्या होत्या. पुढचं आयुष्य डायलिसिसवर.

इथे एक गंमत बघा. आणीबाणीत पाऊस चांगला झाला, १९७५-७६मध्ये घाऊक भाव चक्क उतरले. तरी १९७७मध्ये लोकांनी इंदिरा गांधींना हरवलं. महागाईने पेटलेला राग तोवर अटका, सेन्सॉरशिप आणि सक्तीच्या नसबंदीपर्यंत पोचला होता. म्हणजे भाव उतरले की राग उतरतोच, असं नाही.

जेपींच्या आशीर्वादाने जनता पक्षाचं सरकार आलं. पण महागाई आणि मंदी एकत्र आली तर काय करायचं, याचं उत्तर या सरकारकडेही नव्हतं. १९७९मध्ये पुन्हा दुष्काळ आणि इराणमधल्या क्रांतीनंतर पुन्हा तेलाचा भडका. त्या वर्षी अर्थव्यवस्था पाच टक्क्यांहून जास्त आक्रसली. आपसात भांडणारं सरकार जुलैमध्ये कोसळलं. ८ ऑक्टोबरला जेपी पाटण्यात गेले. तीनच महिन्यांनी, कांद्याचे भाव गाजलेल्या निवडणुकीत, इंदिरा गांधी परत आल्या.

जेपींनी लोकांना सरकार बदलता येतं हे दाखवलं, आणि ते छोटं काम नव्हतं. पण सरकार बदललं म्हणून कांदा स्वस्त झाला नाही. तेव्हा महागाईवरून मत मागायला कुणी तुमच्या कट्ट्यावर आलं, तर त्याच्या घोषणेला टाळी द्यायच्या आधी विचारा: भाव आणि नोकऱ्या, दोन्ही एकदम कसं सांभाळणार? उत्तर नीट ऐका. तोवर मेसचं बिल तुम्हीच भरताय.